मोराच्या माथ्यावरचा ठिपका

१

जळगावात रिंग रोडच्या कडेला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर पुनमचं टॅटूचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खोली. आरसा, मागं झुकणारी खुर्ची, हात ठेवायला गादीची फळी आणि कोपऱ्यात खडखडणारा कूलर. मे महिन्याच्या दुपारी त्या रस्त्याला चिटपाखरू फिरकत नसे, तरी ती नेमानं कुलूप उघडायची, फळी पुसायची, सुया मांडायची आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची.

गिऱ्हाइकं ठरलेली. दंडावर त्रिशूळ हवा असलेली, छातीवर वाघ हवा असलेली, आणि मनगटावरचं कुणाचं तरी नाव लग्नाआधी झाकून हवं असलेली. या तिसऱ्या जमातीवरच तिचं निम्मं दुकान चालायचं. ज्यांनी हौसेनं नाव काढून नेलं, तेच दोन वर्षांनी तोंड पाडून परत यायचे. नावाच्या जागी मग गुलाब फुलायचा नाहीतर गरुड उडायचा.

पण पुनमचा खरा जीव होता तो म्हाताऱ्या बायकांच्या हातांवर. एसटीत बसली की ती बरोबर गोंदलेल्या हाताशेजारची जागा पकडायची आणि धीर करून विचारायची, "आजी, जरा हात बघू?" आई म्हणायची, या पोरीला माणसाचं तोंड दिसतच नाही, थेट हात दिसतो. ते खरंच होतं. हातसुईनं, काजळ आणि पाल्याच्या रसानं काढलेली ती हिरवी-निळी नक्षी पाहिली की आपल्या मशीनचं तिला मनातून थोडं हसू यायचं. या कलेला कुणी कला म्हणालं नाही, याचा तिला राग होता. पुण्यात टॅटूवाल्यांचं प्रदर्शन भरणार होतं, तिथं एक तरी अस्सल गोंदण लावायचंच, असं तिनं घेतलं होतं मनावर.

रावेरहून केळीची गाडी चालवणारा जितेंद्र दंडावर गरुड काढून घ्यायला आला, तेव्हा वेदना विसरायला तो मोबाइल चाळत होता. मधेच त्यानं फोन तिच्यापुढं धरला.

"ताई, हे पाहा. आमच्या आजीचा हात."

पुनमनं मशीन बंद केलं. मनगटापासून कोपराच्या घडीपर्यंत एक सलग काम होतं. वेल, तुळस, विंचू, पाळणा, मोर आणि मोराच्या माथ्यावर एकच सुटा ठिपका. असा हात तिनं आजवर पाहिला नव्हता.

"आजी आहेत?" तिनं विचारलं.

"आहे ना. सगळ्यांना पुरून उरली," जितेंद्र हसून म्हणाला.

२

पारोळा सोडून धुळ्याकडं निघालं की एक फाटा लागतो. तिथून आत जितेंद्रचं गाव. स्लॅबचं साधं घर, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत खाट. खाटेवर धुरपदाबाई बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, पण कान तिखट. जितेंद्रची आई बेबाबाई चहा टाकायला आत गेली आणि पुनमनं तो हात आपल्या मांडीवर घेतला.

"आजी, कुणी गोंदलं हे?"

"मनी मोठी बहीन, मंजुळाबाई. आम्ही तिले आक्का म्हनूत. गोंदनारीपाशी बसी बसी शिकी लिधं तिनी. पहिला हात मनाच गोंदा."

"त्या आता?"

"ती कव्हयनीच देवाघर गयी, माय."

पुनमनं पातळ कागद हातावर पसरला आणि पेनानं रेघा उतरवायला घेतल्या. सुरकुत्यांत वेल मोडत होती, म्हणून ती कातडी अंगठ्यानं हलकेच ताणून धरत होती. मनगटाजवळ एका ठिकाणी सुई घसरलेली होती, वेलीचा देठ उगाच बाहेर गेला होता. तिनं ती चूकही उतरवली. तिच्या मते तीच तर खरी सही होती.

म्हातारीनं कागदाची सळसळ कान देऊन ऐकली. मग म्हणाली, "बठ्ठं नको उतारू, माय. काही तरी सोडी दे."

"का हो आजी?"

"दोन हात सारखा नही करतस. आक्का बी नही करे. एखादं पान इकडनं तिकडे करे."

पुनमनं "बरं" म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं. तिच्या धंद्यात नक्कल म्हणजे नक्कल. रेघ हलली की गिऱ्हाईक नाक मुरडतं. शिवाय इतकं देखणं काम समोर असताना त्यातलं एखादं पान मुद्दाम बिघडवायचं, हे तिच्या हातून झालंच नसतं. तिनं शेवटचा ठिपकासुद्धा उतरवला, वरून फोटो काढला आणि चहा पिऊन निघाली. जाताना पायाला हात लावला, तेव्हा म्हातारीनं तिचे पंजे चाचपले.

"तू बी गोंदस का?"

"हो आजी. मशीननं."

"मंग तुले समजी," धुरपदाबाई म्हणाली. काय समजेल, ते काही तिनं सांगितलं नाही.

३

प्रदर्शनासाठी हात हवा होता तो किरणनं दिला. किरण म्हणजे पुनमची धाकटी बहीण. आईवडील वरणगावला, बाप फॅक्टरीत. कॉलेजसाठी किरणला जळगावला पाठवताना आई पुनमला एवढंच म्हणाली होती, "तुझ्या भरवशावर पाठवते हं." दोघी दोन खोल्यांत राहायच्या, भांडायच्या, एकमेकींचे ओढणी-दुपट्टे पळवायच्या. किरण नसती तर या शहरात पुनम एकटीच होती.

"आईला मी सांगणार नाही, तूच सांग," किरण खुर्चीत बसताना म्हणाली.

"तू पूर्ण बाह्यांचा ड्रेस घाल म्हणजे झालं."

काम अप्रतिम झालं. वेलीचा घसरलेला देठसुद्धा जसाच्या तसा आला. कागद आणि हात शेजारी ठेवले तर कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. पुनमनं नेहमीच्या सवयीनं सगळ्या कामावरून बोट फिरवलं, कुठं कच्चं राहिलंय का पाहिलं आणि स्वतःवरच खूष झाली.

खपली पडून कातडी साफ झाली, त्याच सुमाराला एका संध्याकाळी ती घरी आली तर किरण फुरंगटून बसलेली.

"ताई, दुपारी आलीस तर हाक तरी मारायची. झोपेत हात काय चाचपत होतीस?"

"मी? मी दुकानात होते."

"उगाच! इथं, पाळण्यावर बोट फिरवत होतीस. मी डोळे उघडायच्या आत गेलीस."

पुनमनं हसण्यावारी नेलं. नवीन टॅटूला खाज सुटते, झोपेत काहीही वाटतं. तिनं किरणला मलम दिलं आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी किरणनं फोन केला. आवाज जरा बारीक होता. "ताई, परत. पाळणा झाला. आता मोराच्या पायाशी."

४

पुनम काही भुताखेतांना भिणारी नव्हती. तिनं आधी मलम बदललं. मग त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, कातडी उत्तम आहे, कुणी केलंय काम? मग तिनं मनाशी हिशेब मांडला. उकाडा, परीक्षा, अर्धवट झोप. हातावरून कूलरचा वारा जात असेल. वारा थांबत थांबत येतो, बोटासारखा वाटत असेल. हे पटण्यासारखं होतं आणि तिनं ते स्वतःला पटवलंही. फक्त वारा रोज जिथं थांबला तिथूनच पुढं कसा सुरू होतो, एवढं काही केल्या बसत नव्हतं.

म्हणून एका दुपारी ती दुकान बंद करून घरीच थांबली. किरण खाटेवर झोपली, गोंदलेला हात उताणा उशीशेजारी. पुनम दाराला पाठ लावून खाली बसली. कूलर मुद्दाम बंद ठेवला होता. बाहेर कुणाच्या तरी घरी मिक्सर फिरला आणि थांबला. खोलीत घामाचा आणि गरम भिंतींचा वास होता. भांडी घासलेल्या राखेचा म्हणावा तसा एक वास मधेच आला. त्यांच्या घरी राख नव्हती, त्या साबणानं भांडी घासत.

मग किरणच्या हातावर मोराच्या छातीपाशी कातडी दबली.

इतकीशी. बोटाचं टोक टेकावं तेवढी. खळगा पडला, क्षणभर राहिला, भरून आला आणि किंचित वर सरकून पुन्हा पडला. मोराच्या मानेची रेघ जशी वळत होती, तसाच तो वळत होता. घाई नव्हती. एका ठिकाणी तो थांबला, मागं गेला, तीच जागा पुन्हा दाबून पाहिली आणि पुढं निघाला. पुनमला ती रीत ओळखीची वाटली. कुठं कच्चं राहिलंय का, हे बघताना ती स्वतः असंच करायची.

"किरण!" ती ओरडली.

किरण दचकून उठली. हातावर काही नव्हतं. पुनमनं हात उजेडात धरून उलटसुलट पाहिला, दाबून पाहिला. शीर उडाली असेल, असं ती मोठ्यानं म्हणाली. शीर उडते, सगळ्यांची उडते. पण किरणनंच तिला पाणी आणून दिलं.

"ताई, तू पाहिलंस ना काहीतरी?"

"नाही गं," पुनम म्हणाली. तिला बहिणीशी खोटं बोलायला जमत नसे, आणि आज तर मुळीच जमलं नाही.

त्याच संध्याकाळी तिनं किरणला दुकानात नेलं. म्हातारीचे शब्द तिला आठवले होते, दोन हात सारखे करत नाहीत. तिनं मशीन लावलं आणि किरणच्या मनगटाजवळ, वेलीच्या घसरलेल्या देठाला एक पान काढलं. तिथं पान नव्हतं. मोकळ्या कातडीवर तिनं स्वतःच्या हातानं ते काढलं आणि रक्त पुसलं. आता दोन हात सारखे राहिले नव्हते. तिला बरंच हायसं वाटलं.

५

सकाळी पहिल्या एसटीनं ती धुरपदाबाईकडं निघाली. हातात हात घेऊन एकदा डोळ्यांनी फरक पाहायचा होता, एवढंच.

बेबाबाईनं पाणी दिलं आणि सासूकडं बघत हळूच सांगितलं, "आत्याले काय व्हयनं समजत नही. जेवत नही. दुपारले एकलीच बोले, ते बी बंद व्हई गयं."

म्हातारी खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. पुनमनं तिचा हात हलकेच उजेडात ओढला आणि ती बघतच राहिली.

घसरलेल्या देठाला पान होतं.

काल काढलेल्या पानासारखं काळं कुळकुळीत नव्हे. फिकट हिरवं, कडा विस्कटलेल्या, सुरकुतीत अर्धं बुडालेलं. साऱ्या हाताइतकंच जुनं.

"आजी, हे पान कधीचं?"

"ते? पहिलेपासून शे. आक्का आगोदर इसरी गयी व्हती, मंग नंतर घालं तिनी."

पुनमनं फोन काढला. पहिल्या भेटीतला फोटो उघडला, बोटांनी मोठा केला. फोटोतही पान होतं. मग काल मी काय केलं? किरणच्या हातावर आधी एक पान उतरवायचं राहिलं होतं आणि काल ते आपण पुरं केलं, एवढंच का? असेल. तसंच असणार. पण ती मोकळी जागा तिला स्वच्छ आठवत होती. तिनं किरणला फोन लावला.

"किरण, काल आपण दुकानात कशाला गेलो होतो गं?"

"कशाला म्हणजे? तूच म्हणालीस, एक पान राहून गेलं होतं. ताई, बरी आहेस ना तू?"

पुनमनं फोन ठेवला. पडवीत ऊन आलं होतं. आपण काय बोललो होतो, हे तिला आता नक्की सांगता येईना. एका हाताला जे करू ते सगळ्या हातांना होणार असेल, तर किरणच्या हातावर काळा रंग फासायचीसुद्धा सोय राहिली नव्हती. त्या रंगाखाली म्हातारीचं काय होईल, कुणी सांगावं?

"आते दुपारले कोनी येत नही मनाकडे," धुरपदाबाई भिंतीला सांगावं तसं म्हणाली.

"कोण यायचं, आजी?"

"आक्का. रोज ये. आठे बसे. बोट फिराईसन आपलं काम देखे. थोडं थोडं वर जाये. पाळणापावत उनी व्हती. बठ्ठा हात देखाई गया म्हंजे मले संगे ली जाई." तिनं कूस बदलली. पिकलेले डोळे पुनमच्या दिशेला लागले. "मी तर तयारच शे ना, माय. मनी वयनं कोनीच नही ऱ्हायनं. पन तू कागदवर उतारी लई गयी, तवयपासून ती उनीच नही."

पाळण्यापर्यंत. किरणला पहिल्यांदा बोट लागलं ते पाळण्यावर. पुनमला उठून पळावंसं वाटलं, तरी तिनं विचारलं.

"मग आता कुठं जात असतील त्या?"

"नवं काम व्हई तठे. नवं काम पहिले देखस ती. तिनी सवयच शे." म्हातारीचा हात पुनमच्या मुठीत घट्ट झाला. "तू ते कोना हातवर गोंदं वं, माय?"

पुनमनं त्या हातावर कपाळ टेकलं. ती रडायला लागली, आणि धुरपदाबाईनं चाचपत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

६

एसटीतून येताना तिनं सगळं उलटसुलट करून पाहिलं. हे खरं नाही, असं एरंडोलपर्यंत ठरलं. खरं असलं तर काय, हे जळगाव येईपर्यंत ठरलं. किरणला वरणगावला धाडून उपयोग नव्हता, हात तिच्याबरोबरच जाणार. काल मोराच्या मानेपर्यंत मजल आली होती. म्हणजे चोच, तुरा आणि माथ्यावरचा ठिपका, एवढंच राहिलं होतं; ते पाहून झालं की आक्का किरणला घेऊन जाणार.

नवं काम ती आधी बघते, एवढाच एक धागा हाताशी होता.

ती घरी न जाता दुकानात आली, आतून कडी लावली. कागद डाव्या हातावर दाबला आणि उजव्या हातानं मशीन धरलं. वेल, घसरलेला देठ, पान, तुळस, विंचू, पाळणा, मोर. इतकं चोख काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. कोपराच्या घडीपाशी आली आणि मशीन बंद केलं. माथ्यावरचा ठिपका तिनं दिला नाही. शेवटचा ठिपकाच नसेल तर हात पुरा होणार कसा? बघणारीनं बघत बसावं. सकाळपासून पहिल्यांदा तिला आपल्या डोक्याचं कौतुक वाटलं. मग तिनं किरणला फोन केला.

"मोराच्या वरचा ठिपका बघ गं. आहे?"

पलीकडं किरणची खाट करकरली. हात बघत असावी. "कुठला ठिपका? मोराच्या वर काहीच नाही. होता का कधी?"

"नव्हता," पुनम म्हणाली. "तू झोप आता. आज कुणी येणार नाही."

"तुला काय माहीत?"

"झोप म्हटलं ना, राणी."

दुपार उतरत आली होती. लाइट गेली आणि कूलर खडखडत थांबला. खालच्या दुकानातलं गाणंही थांबलं. पुनम गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि डावा हात फळीवर उताणा ठेवला. आजवर किती जणांना तिनं सांगितलं होतं, हात सैल सोडा, घाबरू नका. तेच ती स्वतःला सांगत राहिली. हे सगळं मनाचे खेळ असतील आणि अर्ध्या तासानं आपण उठून चहा प्यायला जाऊ, असंही तिला मधेच वाटलं. मग राखेचा वास आला.

बोट मनगटावर आलं नाही. ते मोराच्या मानेवर टेकलं, जिथं किरणच्या हातावर थांबलं होतं तिथंच. कातडी अजून ओली होती, ठणकत होती, पण बोट हलकं होतं. मानेवरून चोचीवर गेलं, चोचीवरून तुऱ्यावर. तुऱ्याची एक रेघ पुनमच्या हातून जरा बारीक आली होती. बोट तिथं थांबलं, मागं फिरलं आणि ठीक आहे म्हटल्यासारखं पुढं सरकलं. इतक्या भीतीतही पुनमला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून जास्त भीती वाटली.

मग ते मोकळ्या जागेवर आलं. इकडं गेलं, तिकडं गेलं. ठिपका शोधत होतं. पुनम श्वास धरून बघत होती. जागा कोरी होती, नुसता खळगा फिरत होता. बराच वेळ फिरला आणि उठला. हातावर काही उरलं नाही. गेली, असं पुनमला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

आणि त्याच वेळी तिला कळलं की आपण काय करून बसलो आहोत. कुणाचंही काम अर्धवट दिसलं की तिचा स्वतःचा हात शिवशिवायचा. एवढ्याशा ठिपक्यासाठी तिनं सोडून दिलं असतं का कधी?

कोपराच्या घडीत टोचलं. मशीनची सुई नव्हे, ती तिला झोपेतही ओळखू आली असती. ही सुया एकाला एक बांधून केलेली हातसुई होती. सावकाश आत गेली, बाहेर आली, पुन्हा त्याच जागी आत गेली. हात सराईत होता.

हात ओढून घ्यावा, असं तिला एकदम वाटलं. दार दोन पावलांवर होतं. तिनं फळीची कड उजव्या हातानं घट्ट धरली आणि डावा हात तसाच सैल सोडला. घरी किरण झोपली होती.